साडेअकरा इंची बाहुलीचं लुगडं आणि फ्रॉक : शिलाईच्या नोंदी

४ मे

काम हातात घेतलं. साडेअकरा इंची फॅशन बाहुलीसाठी १९५०-६० च्या वळणाचे दोन पोशाख करायचे आहेत. एक आपल्या भागातलं काष्ट्याचं लुगडं आणि गाठीची चोळी, दुसरा त्याच काळातला विलायती घेरदार फ्रॉक. नागपूरच्या एक ताई जुन्या बाहुल्या जमवतात, त्यांची मागणी आहे. त्यांची अट एकच, दोन्ही पोशाख अंगावरून काढता-घालता आले पाहिजेत, काहीही चिकटवलेलं नको. मला ही अट पटली. बाहुलीचे कपडे बदलता येत नसतील तर मुलांनी तिच्याशी खेळायचं तरी कसं?

भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यात आमचं गाव. दुकानात लग्नसराईचे ब्लाउज पडलेले आहेत, म्हणून हे काम रात्रीच्या जेवणानंतरच. मशीन पायाची आहे, त्यामुळे लाइन गेली तरी अडत नाही.

ताईंची बाहुली जुनी आणि महाग, तिच्यावर प्रयोग नाहीत. जत्रेतून १५० रुपयांची त्याच उंचीची बाहुली आणली. मापं घेतली तर छाती दोघींची सारखीच, सव्वापाच इंच, पण कंबर ताईंच्या बाहुलीची सव्वातीन आणि जत्रेतलीची साडेतीन. पाव इंच म्हणजे माणसाच्या मापात दीड इंच. म्हणून कुणाच्याही तयार खाक्यावर विसंबू नका, तुमच्या हातातल्या बाहुलीवरूनच खाका काढा.

६ मे

खाका असा काढला. बाहुलीच्या धडाला पातळ प्लास्टिकची पिशवी घट्ट गुंडाळली आणि त्यावर कागदी चिकटपट्टीचे छोटे तुकडे आडवे-उभे लावले. पेनानं मधली रेघ, बगलेची रेघ, कंबर आणि टक्सच्या (कापड चिमटून शिवायच्या) जागा आखल्या. मग पाठीवरून कापून साल काढल्यासारखं ते सोडवलं आणि आखलेल्या रेघांवर कापलं. तुकडे टेबलावर सपाट पसरले की खाका तयार. फितीनं माप घेऊन आखलेल्या खाक्यापेक्षा हा कितीतरी नेमका येतो, कारण या बाहुल्यांची छाती आणि कंबर यांच्यात जेवढा फरक असतो तेवढा कोणत्याही बाईच्या अंगात नसतो.

शिवणीला पाव इंच सोडा. शिवून झाल्यावर ते छाटून एक सूत (इंचाचा आठवा भाग) ठेवा. आधीच एक सूत सोडलं तर मशीनच्या दातांना कापड धरताच येत नाही.

९ मे

कापडाचा शोध. आजचा दिवस यातच गेला, पण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आज कळली.

बाहुली माणसाच्या साधारण सहाव्या हिश्शाची असते. माप सहानं भागता येतं, कापडाची जाडी भागता येत नाही. दुकानातलं नवं रुबिया माझ्या हाताला पातळ लागतं, बाहुलीच्या अंगावर ते सतरंजीच्या जाडीचं दिसतं. पॉपलिनचा तर विचारच नको. तुमसरहून ६० रुपये मीटरची वायल आणली, ती अस्तराला चांगली निघाली. पण लुगड्यासाठी तीही कडक. घडी पडली की उभीच राहते, खाली पडत नाही.

शेवटी आजेसासूबाईंच्या पेटीतलं सुती लुगडं काढलं. चाळीसेक वर्षं धुतलेलं आणि मधे दोन ठिकाणी विरलेलं. उजेडासमोर धरलं तर पलीकडचा हात दिसतो. मुठीत घेतलं तर मुठीत मावतं आणि सोडलं की पाण्यासारखं सांडतं. बाहुलीच्या कामाला हेच कापड. बाजारात ते विकत मिळत नाही, वर्षानुवर्षांच्या धुण्यानंच ते तसं होतं. म्हणून घरातली विरलेली धोतरं, लुगडी, मऊ पडलेले दुपट्टे पोतेऱ्याला देण्याआधी एकदा बघा. मात्र धड असलेलं लुगडं कृपा करून कापू नका. फाटलेलं भरपूर सापडतं.

१३ मे

लुगड्याचा हिशोब केला. नऊ वार म्हणजे ३२४ इंच, भागिले सहा, ५४ इंच. पन्ना (कापडाची रुंदी) पंचेचाळीस धरला तर साडेसात इंच. त्या मापाचा तुकडा फाडला (कापला नाही, फाडला म्हणजे धागा सरळ येतो) आणि बाहुलीला रीतसर नेसवला.

नेसवणं जमलं, रूप बिघडलं. कमरेवर एवढे थर झाले की साडेतीनची कंबर पाचाच्या पुढे गेली. काष्टा मागे खोचल्यावर बाहुली उभीसुद्धा राहीना.

१५ मे

उपाय सापडला, पण तो पटवून घ्यायला वेळ लागला. मला खरंखुरं नेसवलेलं लुगडं हवं होतं. पण जे डोळ्याला दिसतं ते ठेवायचं आणि जे आत दडतं ते काढून टाकायचं, याला दुसरा इलाज नाही. खरं लुगडं कमरेला दोन वेळा फिरतं, इथे एकदाच फिरवलं. निऱ्या पाचच ठेवल्या. निऱ्यांची वरची टोकं आत खोचण्याऐवजी वायलच्या अर्ध्या इंची पट्टीत पकडली आणि पट्टीच्या आतले थर पायऱ्यांसारखे एकेक सूत कमी करत छाटले. काष्ट्याचा मधला भाग अखंड ठेवला, तो पायांतून मागे जाऊन पट्टीत खोचला जातो. तेवढी एक गोष्ट खरी हवीच, नाहीतर ते लुगडं कसलं? पदराचा तुकडा वेगळा, चौदा इंचांचा, डाव्या कमरेपाशी आतून टाचला. लांबी ५४ वरून सगळी मिळून ३६ वर आली आणि कंबर चारात बसली.

१६ मे

हलकं कापड असूनही निऱ्या फाकत होत्या. एवढ्या लहान तुकड्याला स्वतःचं वजन नसतं, त्यामुळे ते खाली ओढलं जात नाही. बाहुलीच्या अंगाला प्लास्टिक गुंडाळलं, लुगडं पेजेच्या पाण्यात बुडवलं (एक भाग पेज, चार भाग पाणी, फडक्यातून गाळून), ओलंच नेसवलं, निऱ्या बोटांनी बसवल्या आणि वरून दोऱ्यानं तीन ठिकाणी सैल बांधल्या. मे महिन्यातलं ऊन, दोन तासांत खडखडीत. दोरा सोडल्यावर निऱ्या जागच्या जागी. घट्ट पेज मात्र चालत नाही. आधी तीच वापरून पाहिली, तर निऱ्या पापडासारख्या झाल्या आणि वाकवताना त्यांवर पांढऱ्या रेघा उमटल्या. ते धुऊन पुन्हा केलं.

२० मे

काठ. भंडारा जिल्ह्यातलं काम म्हणजे काठ करवतीचाच हवा, असं मी पहिल्या दिवशीच ठरवलं होतं. मोहाडी-आंधळगावच्या मागांवर विणलेल्या टसरच्या साड्यांना हा करवतीच्या दातांसारखा काठ असतो. काठ आणि अंग यांचे धोटे (आडवा धागा नेणारी मागाची नळी) वेगवेगळे चालतात आणि जोडावर दोन्ही रंगांचे धागे एकमेकांत अडकवत विणतात, म्हणून ते दाते इतके स्वच्छ दिसतात. याला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे.

घरात अशी एक टसरची साडी आहे. घड्यांवर ती चिरली आहे, जुनं रेशीम घडीवरच तुटतं. तिचा काठ अडीच इंचांचा. सहानं भागलं तर अर्ध्या इंचाच्या आत यायला हवा. अख्खा काठ लावून पाहिला, तर बाहुली काठातच बुडाली. मग भिंग घेऊन काठ नीट पाहिला. बाहेरच्या कडेला लागून दात्यांची एक बारीक ओळ आहे, तीन सूत रुंदीची. तेवढीच ओळ कडेसकट कापून घेतली. कड शाबूत राहिली म्हणून खालची बाजू दुमडावी लागली नाही. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे : बाहुलीच्या कपड्यात जिथे जिथे कापडाची मूळ कड वापरता येईल तिथे ती वापरा, तुरपाईची जाडी वाचते.

वरच्या कापलेल्या बाजूचे धागे सुटत होते. तिथे तीन गोष्टी करून पाहिल्या. पाणी घातलेल्या फेविकॉलनं ते थांबले, पण काठ पुठ्ठ्यासारखा झाला. बिनरंगी नेलपॉलिशनं टसरवर कायमचा गडद डाग पडला. शेवटी वायलची उभी पट्टी मागे ठेवून बारीक धावदोरा घातला, धागे पट्टीत दडले आणि काठ मऊ राहिला. सुई दहा नंबरची, दोरा एकेरी.

२६ मे

चोळी. गाठीची चोळी या कामाला देवाचं देणं आहे. पुढे गाठ मारायची, म्हणजे हूक नको, बटण नको. खणाचा तुकडा घेतला होता, तो जाड पडला. मग ताग्यातलं लाल सुती घेतलं.

बाही लावताना एक नेहमीचा क्रम सोडावा लागतो. आपण बगल शिवून मग गोल बाही चढवतो. इथे मुंढा (बाही बसते तो गोल) आहे सव्वा इंचाचा, त्यात मशीनचा पायच शिरत नाही. आधी खांद्याची शिवण, मग सपाट असतानाच बाही लावायची आणि शेवटी बाहीच्या कडेपासून बगलेतून कमरेपर्यंत एकच शिवण मारायची. बगलेत दोन छाट द्या, नाहीतर हात खाली येत नाही.

लहान तुकडे मशीन खाली ओढून घेतं. खाली वर्तमानपत्राची पट्टी ठेवून शिवा, नंतर ती फाडून टाका. टाका जमेल तेवढा बारीक. बाही घालताना बाहुलीचा अंगठा अडकतो, तिच्या पंजावर प्लास्टिकची छोटी पिशवी चढवली की बाही सुळकन जाते.

३० मे

नुकसान. लाल चोळी घालून जत्रेतली बाहुली दुकानातच ठेवली होती. पत्र्याची खोली, बाहेर पंचेचाळीसच्या वर तापमान. चोळी काढली तर छातीवर आणि दंडांवर गुलाबी डाग. साबण, रॉकेल, नेलपॉलिश पुसायचं पाणी, काही लागू पडलं नाही. उलट त्या शेवटच्या पाण्यानं प्लास्टिकची चकाकी गेली. रंग वर बसलेला नसतो, आत मुरलेला असतो.

ताईंनी फोनवर उपाय सांगितला, जुन्या बाहुल्या जमवणारे सगळे तोच करतात म्हणे. मुरमांसाठी मिळणारं बेंझॉयल पेरॉक्साइडचं मलम डागावर लावायचं, वरून प्लास्टिक गुंडाळायचं आणि उन्हात ठेवायचं. मलम वाळू द्यायचं नाही. रंगवलेल्या चेहऱ्यापासून आणि केसांपासून ते लांब ठेवायचं. ऊन आपल्याकडे फुकट. (पुढचं नंतर लिहिलेलं.) आठवडाभरात डाग फिका पडत गेला आणि मग गेला. पण तेवढी जागा आजूबाजूपेक्षा जरा पांढरी राहिली.

ताईंच्या बाहुलीवर असा डाग पडला असता तर? म्हणून आता नियम : गडद कापड आधी गरम पाण्यात धुवायचं, मग ओल्या पांढऱ्या फडक्यावर ठेवून इस्त्री दाबायची. फडक्याला रंग लागला तर ते कापड बाद. पास झालं तरी आतून पांढरं वायलचं अस्तर लावायचं.

८ जून

फ्रॉकला सुरुवात. बारीक कंबर आणि मोठा घेर हे वळण १९४७ साली पॅरिसमध्ये क्रिस्तियाँ दिओर यांनी आणलं आणि पुढची दहा-बारा वर्षं जगभर चाललं. बार्बी १९५९ साली बाजारात आली. तिचे सुरुवातीचे कपडे शार्लट जॉन्सन यांनी आखले आणि ते शिवले गेले जपानमध्ये. ताईंनी त्या काळातल्या एका पोशाखाच्या आतल्या बाजूचे फोटो पाठवले. अस्तर, इवलीशी चेन, टिचबटणं, सगळं माणसाच्या कपड्याइतकं नेटकं. शिलाई करणाऱ्या कुणाचं नाव त्यावर नाही. मी ते फोटो बराच वेळ पाहत बसले. मशीनवर बसणाऱ्या माणसाला त्या टाक्यांमधली मेहनत लगेच कळते.

घेराचं गणित नीट वाचा, कापड इथेच वाया जातं. कंबर साडेतीन, मागच्या उघडीसाठी अर्धा इंच, एकूण चार. चार भागिले सव्वासहा म्हणजे त्रिज्या साधारण पाच सूत. पण पाच सुतांवर कापायचं नाही. कापलेल्या कडेपासून एक सूत आत शिवण येते, म्हणजे शिवणीची त्रिज्या सहा सूत होते आणि कंबर पावणेपाचाच्या जवळ जाते. माणसाच्या फ्रॉकमध्ये एवढा फरक चुण्यांत जिरतो, इथे जिरत नाही. कापायची त्रिज्या चार सूत, शिवण पाचावर. पहिला घेर यातच गेला, सव्वादहा इंची चौकोन.

११ जून

घेराला गोल तुरपाई करत बसू नका, तिरक्या धाग्यावर ती लाटेसारखी होते. त्याच मापाचं वायलचं अस्तर उलट ठेवून खालची कड शिवली, शिवण एक सुतावर छाटली, जागोजागी कात दिले आणि उलटवलं. कड स्वच्छ.

आतल्या फुगाऱ्यासाठी जुन्या मच्छरदाणीची दोन इंची पट्टी चुण्या घालून लावली. बाजारातली नेट टोचते, ही धुऊन मऊ झालेली.

मधे शाळेच्या युनिफॉर्मचं काम आलं. आपल्याकडे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, तोवर बाहुली कपाटात.

२ जुलै

मागचं बंद. वेल्क्रो जाड आणि बाहुलीचे केस ओढतो, म्हणून नको. तालुक्यात मिळालेलं सगळ्यात लहान टिचबटणही बाहुलीच्या पाठीवर ताटलीएवढं दिसलं. शेवटी उजव्या बाजूला दोन मिलिमीटरचे मणी शिवले आणि डाव्या बाजूला दोऱ्याचे फासे केले. घालायला वेळ लागतो, दिसतं मात्र त्या काळातलं.

७ जुलै

दागिने. दोन मिलिमीटरचा मणी या मापात बारा मिलिमीटरचा होतो. म्हणजे बोरमाळ छान होते, गरसोळी (बारीक काळ्या मण्यांची पोत) होत नाही. गरसोळीसाठी काळ्या रेशमी दोऱ्याला सुईनं जवळजवळ गाठी मारत गेले. लांबून अगदी बारीक पोतीसारख्या दिसतात.

तांब्या-पितळेची तार बाहुलीच्या अंगाला लावू नका. जुन्या बार्बींच्या कानांना हिरवे डाग पडलेले असतात ते कानातल्यांतल्या तांब्यामुळेच. नथ मी सोनेरी दोऱ्याची केली. नाकाला भोक पाडलं नाही, दोऱ्याचा बारीक फासा केसांतून आणून नाकाशी टेकवला.

डोक्यावरच्या टोपलीसाठी गावातल्या बुरूडकाकांकडे गेले.

"एवढीशी टोपली कायले पायजे ताई?"

"बाहुलीच्या डोक्यावर ठेवाले जी."

"मंग टोपलीत का राहीन?"

"धान."

"मंग बारीकच विनावं लागन," म्हणाले आणि कामट्या काढायला बसले. एकेक कामटी सुरीनं तासत पार दोऱ्याएवढी केली, पाण्यात भिजवली आणि मग विणली. दीड इंच तोंडाची, काठाला दुहेरी गुंफण. पैसे घेत नव्हते. मी शंभर रुपये ठेवून आले, कारण तेवढ्या वेळात त्यांचं एक सूप झालं असतं.

१९ जुलै

धानाच्या रोवण्यामुळे (लावणीमुळे) काम पूर्ण थांबलं होतं. हातांना चिखलाच्या भेगा, टसरचे धागे त्यांत अडकतात. खोबरेल लावलं तर कापडाला डाग. शेवटी भेगा भरेपर्यंत सुई हातात घेतली नाही.

आज पायांचा प्रश्न सोडवला. या बाहुल्यांचे पाय उंच टाचेसाठी वाकवलेले असतात, लुगड्याखाली अनवाणी उभ्या राहत नाहीत. जुन्या हवाई चपलेच्या तळव्यातून ब्लेडनं उतरते ठोकळे कापले, वर चामड्याच्या कातरणीचे पट्टे. लुगडं अर्धा इंच खाली घेतलं की टाच झाकली जाते.

२४ जुलै

दोन्ही पोशाख पूर्ण. खर्च : बाहुली १५०, वायल आणि फ्रॉकचं कापड १४०, मणी-दोरे ७०, मलम ११०, टोपली १००. लुगड्याचं कापड आणि काठ घरचे. वेळेचं म्हणाल तर फ्रॉकपेक्षा लुगड्याला दुप्पट लागला आणि त्यातला निम्मा कमरेचे थर कमी करण्यात गेला. दुसरं लुगडं आता एका आठवड्याच्या रात्रींत होईल. विकायला करत असाल तर पहिल्या नगावर मजुरी धरू नका, दुसऱ्यापासून पूर्ण धरा आणि कमी सांगू नका.

पाठवताना कपडे बाहुलीच्या अंगावर ठेवले नाहीत. धुतलेल्या पांढऱ्या धोतराच्या तुकड्यात वेगळे गुंडाळले. वर्तमानपत्राची शाई कापडाला लागते. डांबरगोळीही ठेवू नका, तिच्या वाफेनं प्लास्टिक खराब होतं. निऱ्यांच्या मधे दोरा तसाच बांधून पाठवला आणि सोडायचा कसा ते चिठ्ठीत लिहिलं.

ताईंनी परकर-पोलकं सांगितलं आहे. त्यासाठी बारीक फुलांचं जुनं चीट हवं. फूल ज्वारीच्या दाण्याहून मोठं असलं तर बाहुलीच्या अंगावर ते सूर्यफूल दिसतं. पुढच्या बाजाराला जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बाईंना गाठून त्यांचं गाठोडं चाळायचं ठरवलं आहे.